भुसा दिसतो, धूळ दिसत नाही

पंचवटीला तिचे नाव पाच वडांनी दिले, आणि नाशिकला, लोकपरंपरा खरी मानायची तर, एका नाकाने. इथल्याच तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, म्हणून हे नासिक. नऊ शिखरांवरून नाशिक झाले असे सांगणारेही आहेत. पण लोकांच्या तोंडी आहे ती नाकाचीच कथा. झाड आणि नाक यांचा आणखी एक संबंध आहे. तो पुराणातला नाही, वैद्यकातला आहे, आणि आपल्याकडे त्याविषयी फारसे बोलले जात नाही. घरी सुतारकाम करणाऱ्याने धूळ ओढणारी यंत्रणा कशी निवडावी, या वरवर रुक्ष दिसणाऱ्या प्रश्नाच्या मुळाशी तोच संबंध आहे.

गेल्या काही वर्षांत सुतारकाम हा अनेकांचा छंद झाला आहे. निवृत्त झालेले, घरून काम करणारे, जुने वाडे उतरवले जाताना निघणाऱ्या सागवानी तुळयांवर जीव जडलेले असे कितीतरी जण जिन्याखाली, गच्चीवर किंवा मागच्या खोलीत लहानशी कार्यशाळा थाटतात. मीही त्यांतलाच एक. पंचवटीतल्या घरामागे माझी दहा फूट बाय बारा फुटांची खोली आहे. एक खिडकी, एक दार, आणि शेजारच्या घराची भिंत हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. यंत्रे घेताना आपण करवतीची ताकद पाहतो, पात्याचे दात मोजतो. धुळीचा विचार शेवटी येतो, आणि येतो तोही झाडूच्या अंगाने : खोली स्वच्छ कशी राहील? प्रश्न तिथेच चुकतो. खोली स्वच्छ दिसणे आणि हवा स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘लाकडाला काय विष असतं का?’

आमच्या भागातल्या एका वयस्कर मिस्त्रींपाशी मी हा विषय काढला, तेव्हा ते हसून म्हणाले, “अहो भाऊ, भुसा म्हणजे लाकूडच की! लाकडाला काय विष असतं का? आमचे आजे-पणजे ह्याच भुशात जगले.”

त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते आजोबांच्या काळापुरते. बलुतेदारीतला सुतार बहुधा उघड्यावर काम करी; वाड्याच्या पडवीत, झाडाखाली, बांधकामाच्या जागेवर. त्याची हत्यारे वाकस, पटाशी, रंधा आणि हातकरवत. वाकसाने ढलप्या उडतात, रंध्यातून लाकडाच्या पातळ वेटोळ्या निघतात, हातकरवतीतून जाडसर भुसा पडतो. हे सारे जड असते, पायाशी पडते, आणि जे थोडे उडते ते वारा घेऊन जातो. यंत्रांनी दोन गोष्टी एकदम बदलल्या. मिनिटाला हजारो फेरे घेणारे पाते, राउटर आणि सँडर लाकडाचे पीठ करतात. आणि विजेच्या बोर्डाबरोबर काम उघड्यावरून चार भिंतींच्या आत आले. धूळ बारीक झाली आणि वारा गेला. त्यामुळे आजोबांचा अनुभव नातवाच्या उपयोगाचा राहिला नाही.

मिस्त्रींच्या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमध्ये मिळाले. बकिंगहॅमशायरमधले हाय विकम हे गाव खुर्च्या आणि फर्निचर यांसाठी प्रसिद्ध. १९६० च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा शल्यचिकित्सक एस्मी हॅडफील्ड यांच्या लक्षात आले की, नाकाच्या पोकळीतला एक अतिशय दुर्मीळ कर्करोग आपल्याकडे वारंवार येतो आहे, आणि येणारे रुग्ण बहुतेक फर्निचर कामगार आहेत. डोनाल्ड ॲचिसन, रोनाल्ड मॅक्बेथ प्रभृतींबरोबर त्यांनी केलेला अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. पुढे अनेक देशांतून तसेच पुरावे आले, आणि १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकले. म्हणजे माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. धुळीची सुरुवात आणि आजार यांत कित्येक दशके जाऊ शकतात. म्हणूनच तो ‘लाकडामुळे’ झाला हे रोग्याच्याही ध्यानात येत नाही.

कर्करोग हा टोकाचा आणि विरळा भाग झाला. रोजचा भाग दम्याचा, वाहणाऱ्या नाकाचा आणि खाजणाऱ्या कातडीचा. सागवान आणि शिसम या आपल्या लाडक्या लाकडांत अशी द्रव्ये असतात की ज्यांनी काहींच्या अंगावर पुरळ उठते. वाळवी सागाच्या वाटेला सहसा जात नाही ती त्याच्यातल्या रसायनांमुळे. कीटकाला जे सोसत नाही ते आपल्या श्वासनलिकेला सोसावेच असा काही नियम नाही. एमडीएफच्या पिठात लाकडाबरोबर फॉर्मल्डिहाइडवर आधारलेला डिंक असतो. आणि जुन्या वाड्याची रंगवलेली चौकट घासताना आणखी एक धोका पुढे येतो : जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. म्हणून अशा चौकटीचा रंग कोरडा घासू नये, आणि घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही.

एक चिमूट

आपल्या परंपरेत दृश्य वस्तूंतली सर्वांत लहान वस्तू म्हणजे त्रसरेणू. झरोक्यातून आलेल्या कवडशात तरंगताना दिसतो तो कण. मापांची मोजणी मनुस्मृती तिथूनच सुरू करते. डोळ्याची मर्यादा इतक्या नेमकेपणाने ओळखणाऱ्या पूर्वजांचे कौतुक वाटते. आजच्या भाषेत, साध्या उजेडात सुटा कण दिसायचा तर तो ४०-५० मायक्रॉनचा तरी असावा लागतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. फुप्फुसाच्या तळाशी पोचणारी धूळ मात्र पाचएक मायक्रॉनच्या आतली असते. कवडसा पडला तरच तिचा अंदाज येतो.

ती पडायला किती वेळ घेते हे पाहण्यासारखे आहे. अगदी निवांत हवेत, पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून खाली यायला सुमारे आठ मिनिटे लागतात. ५ मायक्रॉनच्या कणाला अर्धा तास. १ मायक्रॉनच्या कणाला सुमारे बारा तास. खोलीतली हवा कधीच इतकी निवांत नसते, आणि पंखा लावला तर विचारायलाच नको. म्हणजे यंत्र बंद करून, झाडून-पुसून, मास्क काढून चहाचा कप घेऊन आपण बसतो, तेव्हा सगळ्यांत वाईट धूळ अजून आपल्या तोंडासमोर तरंगत असते.

आता थोडे गणित. ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत ३ मिलिग्रॅम आहे; युरोपीय संघाने २०२३ पासून ती २ मिलिग्रॅमवर आणली. माझी खोली दहा फूट उंच, म्हणजे १,२०० घनफूट. साधारण ३४ घनमीटर. तिच्या सगळ्या हवेत मिळून १०२ मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग धूळ तरंगली, की ब्रिटनची मर्यादा गाठली. वरणात आपण मिठाची चिमूट टाकतो, ती याहून जड भरते. एका टेबलाचा पृष्ठभाग सँडरने घासताना किती ग्रॅम पीठ निघते हे ज्याने पाहिले आहे, त्याला पुढचे सांगायला नको. शंभरातला नव्वद टक्के भुसा पिशवीत गेला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. उरलेला दहा टक्के कोणता, हा खरा प्रश्न आहे.

फुंकर आणि खेच

यंत्रणेचे तीन अवयव असतात : धूळ पकडणारे तोंड, ती वाहून नेणारी वाट आणि ती अडवणारे पोट. बाजारात आपल्याला मोटारची अश्वशक्ती दाखवली जाते; पण निवड तोंडापासून करावी.

दिवाळीच्या पणतीवर प्रयोग करून पाहा. हातभर अंतरावरून फुंकर मारून ती विझवता येते. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवा. येत नाही. फुंकलेली हवा एका धारेत लांब जाते. ओढलेली हवा चहूबाजूंनी गोळा होते. नळीच्या तोंडापासून त्या तोंडाच्या रुंदीइतके दूर गेले, की खेच दहाव्या हिश्शाच्या आसपास उरते. चार इंची नळी पात्यापासून फूटभर लांब टांगून ठेवली, तर मोटार कितीही मोठी असो, ती फक्त वीज खाते. उलट, पात्याला चारही बाजूंनी घेरणारे एक साधे खोके धूळ उडायच्या आत पकडते. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या चौदाव्या कलमाने हेच सांगितले होते : धूळ ओढणारे साधन ती जिथे जन्मते त्याच्या शक्य तितके जवळ लावावे. हे कलम कारखान्यांसाठी होते. मागच्या खोलीत एकट्याने काम करणाऱ्याचा निरीक्षक तो स्वतःच.

आता वाट. इथे नाशिककर शेतकऱ्याला अधिक समजावावे लागत नाही. विहिरीवर मोटार बसवताना तो दोन गोष्टी विचारतो : पाणी किती उंच चढवायचे आणि तासाला किती हवे. हवेचेही तसेच. कार्यशाळेचा व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे उंच चढवणारा पण थोडे पाणी देणारा पंप. बारीक नळीतून जोराने ओढतो, पण मिनिटाला शंभर-सव्वाशे घनफूटच हवा हलवतो. डस्ट कलेक्टर म्हणजे कमी उंचीचा पण धो धो देणारा पंप. त्याला रुंद नळी लागते. म्हणून सँडर, राउटर, हातात धरायची करवत यांना व्हॅक्यूम शोभतो, आणि टेबल सॉ, प्लेनर यांना डस्ट कलेक्टर. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेण्याच्या हट्टात पैसे जातात.

भुसा नळीत न बसता वाहत राहायचा तर हवेचा वेग मिनिटाला ४,००० फुटांच्या आसपास लागतो. या वेगाला चार इंची नळीतून सुमारे ३५० घनफूट हवा जाते. सहा इंचीतून सुमारे ७८५. व्यास दीडपट, हवा सव्वादोनपट. टेबल सॉच्या पात्याभोवती उडणारी बारीक धूळ कवेत घ्यायला चार इंची नळीतली हवा अपुरी पडते, म्हणून जाणकार मुख्य वाट सहा इंचीच ठेवा म्हणतात. ही नळी शोधायला लांब जावे लागत नाही. द्राक्षबागांना पाणी नेणारे ११० आणि १६० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप कृषी साहित्याच्या दुकानात मिळतात, आणि आतून गुळगुळीत असल्याने हवेला कमी अडवतात. लवचीक वळ्यांची नळी यंत्रापाशी हातभर पुरे. ती लांब ठेवली की खेच मरते. प्रत्येक काटकोनी वळणाचेही मोल मोजावे लागते. आणि जाहिरातीतला सीएफएमचा आकडा बहुधा नळी आणि पिशवी न लावता मोजलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

खळे आणि गिरणी

ओढलेली धूळ अडवायची कशी? याची दोन उत्तरे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत.

पहिले उत्तर खळ्यावरचे. धान्य उफणताना जड दाणा खाली पडतो, हलके फोल वाऱ्यावर जाते. सायक्लोन म्हणजे पत्र्याच्या उभ्या नरसाळ्यात गोल फिरवून केलेली उफणणी. भोवऱ्यात जड कण भिंतीकडे फेकले जातात, घसरत खालच्या पिंपात पडतात, आणि हलकी हवा मधून वर निघून जाते. अमेरिकेत या यंत्राची पेटंटे १८८० च्या दशकात घेतली गेली. लाकूडगिरणीवरचा असाच सायक्लोन पाहून जेम्स डायसन यांना बिनपिशवीच्या व्हॅक्यूमची कल्पना सुचली. खळ्याशी एकच फरक. तिथे खाली पडते ते मोलाचे आणि उडते ते टाकाऊ. इथे खाली पडतो तो भुसा निरुपद्रवी आणि उडून जाते तीच घातक धूळ. लहान सायक्लोन तिला पकडू शकत नाही. म्हणून ‘सायक्लोन घेतला, आता फिल्टर नको’ हे खरे नाही. सायक्लोनचा लाभ निराळा आहे : तो भुसा आधीच काढून घेतो, त्यामुळे पुढचा फिल्टर लवकर तुंबत नाही.

दुसरे उत्तर पिठाच्या गिरणीतले. चक्कीला बांधलेली कापडी बाही हवा जाऊ देते, पीठ अडवते. डस्ट कलेक्टरची पिशवी हीच. स्वस्त यंत्रासोबत येणारी पिशवी बहुधा ३० मायक्रॉनची असते. म्हणजे दिसणारे अडवते आणि न दिसणारे गाळून, चांगले पसरवून, पुन्हा खोलीत सोडते. तिच्या जागी १ मायक्रॉनपर्यंत अडवणारी घट्ट पिशवी किंवा घड्यांचे काडतूस-फिल्टर लावावे. कापडाचे क्षेत्रफळ जितके मोठे तितकी हवा त्यातून सावकाश जाते आणि गाळणी चांगली होते. गिरणीवाला बाही रोज खळखळून धूत नाही, झटकतो; कापडावर बसलेला पातळ थर स्वतःच गाळणीचे काम करतो. थर जाड झाला की मात्र हवा कोंडते. पावसाळ्यात दमट भुसा पिशवीला चिकटून राहतो, तेव्हा ती वरचेवर रिकामी करावी. लोखंड घासायचा ग्राइंडर या यंत्रणेला कधीही जोडू नये. एक ठिणगी भुशाच्या पिशवीत तासन्‌तास धुमसू शकते.

हवा जाते कुठे?

परदेशी पुस्तके गाळलेली हवा खोलीतच परत सोडायला सांगतात. त्यामागे आरोग्याइतकेच थंडीचे कारण आहे : बर्फाळ मुलखात तापवलेली हवा बाहेर टाकणे महाग पडते. आपल्याकडे ते कारण नाही. म्हसरूळ, मखमलाबादकडे ज्याची मोकळ्यावर शेड आहे, त्याने सायक्लोननंतरची हवा छपराच्या वर बाहेर सोडावी. महागडा फिल्टर वाचतो आणि खेचही वाढते. फक्त समोरची खिडकी उघडी हवी. मिनिटाला ७८५ घनफूट हवा गेली तर माझ्या खोलीएवढी जागा दीड मिनिटात रिकामी होते; आत यायला वाट नसेल, तर यंत्र नुसते गुरगुरते.

पंचवटीच्या गल्लीत हा स्वस्त मार्ग बंद आहे. माझ्या खिडकीसमोर शेजारच्या काकूंच्या वाळवणाची दोरी आहे. कधी साड्या, कधी कुरडयांची परात. पलीकडच्या माजघरात त्यांची नात अभ्यासाला बसते. धूळ खिडकीबाहेर सोडली की माझी खोली नक्कीच स्वच्छ होते, पण तो कचरा शेजारच्या दारात लोटण्यासारखा प्रकार. फरक इतकाच की लोटलेला कचरा दिसतो आणि त्यावर भांडण तरी होते. हिची तक्रारही कोणी करत नाही. छंद माझा, तेव्हा त्याचा भुर्दंडही मीच सोसला पाहिजे. दाट वस्तीत फिल्टरवरचा खर्च शेजारधर्माचा आहे.

निवडीचा क्रम

तर मग घ्यावे काय? माझ्या समजुतीप्रमाणे क्रम असा.

सर्वांत आधी चांगला मास्क. करोनाने ओळख करून दिलेला एन-९५ किंवा भारतीय मानकाप्रमाणे एफएफपी-२ छापलेला. चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढीतून हवा गळते. कापडी रुमाल ही मनाची समजूत. मास्क काम संपल्यावर लगेच काढू नये. का, ते वर आलेच आहे.

दुसरे, धूळ जन्मालाच कमी घालणे. शेवटचा हात रंध्याने किंवा पातळ पत्र्याच्या खरवडणीने फिरवता येत असेल तर सँडर कशाला? ज्याचे काम महिन्यातल्या चार रविवारांचे आहे, त्याने हत्यारांची निवड बदलली तरी निम्मा प्रश्न सुटतो.

तिसरे, हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम आणि त्याच्या आधी झाकणबंद बादलीवर बसवलेला लहान सायक्लोन. हातातल्या यंत्रांपुरते काम असणाऱ्याला एवढे पुरते, आणि माझ्या मते घरगुती कार्यशाळांपैकी बहुतेकांना याहून अधिक लागत नाही.

चौथे, टेबल सॉ किंवा प्लेनर असेल तरच मोठा डस्ट कलेक्टर. दोन अश्वशक्तीच्या आसपासचा, सहा इंची वाटेचा, बारीक गाळणीचा. यंत्र आणि धूळशोषक एकाच वेळी चालतात, तेव्हा दोघांना वेगवेगळ्या वायरी आणि सॉकेट द्यावीत. हे इलेक्ट्रिशियनला विचारून, अंदाजाने नव्हे.

यंत्रणा बसली की तिची परीक्षा घ्यावी, आणि त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. उदबत्ती पेटवून नळीच्या तोंडापाशी धरा. धूर जिथपर्यंत वळून आत जातो, तिथपर्यंतच तुमच्या यंत्राचे राज्य. दुसरी परीक्षा रात्रीची. काम आटोपून अर्ध्या तासाने दिवे घालवा आणि टॉर्चचा झोत आडवा टाका. झोतात जे लुकलुकते, ते तुम्ही अर्धा तास श्वासातून घेत आहात. विक्रेत्याचा कागद काहीही म्हणो, या दोन साक्षी खोटे बोलत नाहीत.

आणखी एक गोष्ट. १७०० साली इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितले की, रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुझा धंदा काय?’ हेही विचारा. आपल्या गर्दीच्या दवाखान्यांत हा प्रश्न राहून जातो, आणि छंदाविषयी तर कोणीच विचारत नाही. तेव्हा नाक सतत चोंदत असेल, एकाच बाजूने रक्त येत असेल, रविवारच्या कामानंतर सोमवारी दम लागत असेल, तर डॉक्टरांना आपणच सांगावे : मी लाकडाचे काम करतो. मिस्त्रींनाही मी एवढेच सांगितले. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा त्यांच्या खिशात मास्क होता. वापरतात का, ते विचारले नाही. पण त्यांच्याबरोबर शिकायला आलेल्या पोराच्या तोंडावर मात्र तो होता, आणि नीट घट्ट बसवलेला होता.